मोबाईलवरचे गाव आणि जालन्याची पेठ : धाड नेमकी कुठे पडते?

गेल्या महिन्यात जालन्याला बहिणीकडे गेलो होतो. मेहुण्यांचे लोखंडी सामानाचे दुकान आहे. सकाळी दुकान उघडताना भाचा गल्ल्याजवळ मोबाईल घेऊन तोंड पाडून बसला होता. विचारले तर म्हणाला, "मामू, रात्री माझं गाव लुटलं. खाणी भरलेल्या होत्या, सोनं उचलायचं राहून गेलं. सगळं नेलं."

मेहुणे हसले. मला मात्र हसू आले नाही, कारण त्याच गल्ल्यावर मेहुण्यांची उधारीची वही उघडी पडली होती आणि तिच्यातही बरेच काही "उचलायचे राहून गेलेले" दिसत होते. पोराचे खेळातले सोने गेले, ते उद्या पुन्हा साठेल. वहीतले पैसे मात्र घामाचे आहेत. त्या दिवसापासून वाटू लागले की या खेळाकडे व्यापाऱ्याच्या नजरेने एकदा पाहिले पाहिजे. शिवाय ज्या शहरात हा पोरगा बसला होता, त्या शहराने खेळातली नव्हे तर खरी धाड सोसलेली आहे. तेव्हा दोन्हींचा हिशेब एकत्र मांडून पाहू या.

खेळातले गाव कसे चालते?

वाचकांपैकी ज्यांच्या घरात तरुण मुले आहेत, त्यांनी 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' हे नाव ऐकले असेलच. फिनलंड देशातील हेलसिंकी शहरातल्या सुपरसेल या कंपनीने हा खेळ २०१२ साली बाजारात आणला. खेळणाऱ्याला एक मोकळे माळरान मिळते. त्यावर त्याने गाव वसवायचे. सोन्याच्या खाणी खोदायच्या, कोठारे बांधायची, भिंती घालायच्या, तोफा आणि बुरूज उभारायचे. खाणीतून सोने आपोआप निघत राहते. आपण झोपलो तरी निघते. पण ते खाणीतून उचलून कोठारात टाकण्याचे काम आपले आपणच करावे लागते.

आपण मोबाईल बंद केला की दुसरा कोणी, कुठल्यातरी देशातला, आपल्या गावावर फौज घालतो. त्याच्या हाती काय लागते याचे नियम ठरलेले आहेत आणि ते व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखे आहेत. खाणीत पडून राहिलेले सोने सर्वांत मोठ्या प्रमाणात लुटले जाते. कोठारात टाकलेल्या मालातून त्या मानाने थोडा भाग जातो. आणि आपल्या टोळीच्या, म्हणजे संघाच्या खजिन्यात ठेवलेला माल फारच थोडा जातो. थोडक्यात, जे मिळवले पण गोळा केले नाही, ते आधी जाते.

याहून जुना आणि संगणकावर खेळला जाणारा 'एज ऑफ एम्पायर्स' हा दुसरा खेळ. त्याचा पहिला भाग १९९७ साली आणि दुसरा १९९९ साली आला. त्यात गावकरी लाकूड तोडतात, शेती करतात, सोने व दगड खणतात. शत्रूचे चार-पाच घोडेस्वार भिंतीला वळसा घालून येतात आणि थेट लाकूडतोड्यांवर तुटून पडतात. मोठ्या फौजेशी ते लढतच नाहीत. त्यांना कमाई थांबवायची असते. अशा वेळी घंटा वाजवायची सोय आहे. घंटा झाली की सगळे गावकरी मुख्य इमारतीत शिरतात. जीव वाचतो, पण तेवढा वेळ गावाची कमाई शून्य होते. धाडीचे नुकसान फक्त जे लुटले गेले त्यात मोजायचे नसते. भीतीने जे काम थांबले, त्याचाही आकडा खर्चाच्या बाजूला लिहावा लागतो.

याच खेळात बाजार आहे आणि बाजारातून दुसऱ्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या मालाच्या गाड्या आहेत. बाजार जितका लांब, तितका एका फेरीतला नफा जास्त. पण लांबच्या रस्त्याला भिंत घालता येत नाही, म्हणून धोकाही जास्त. २०२२ साली या खेळाच्या नव्या आवृत्तीत हिंदुस्थानी लोकांसाठी सराय हे बांधकाम देण्यात आले. सरायजवळून जाणाऱ्या गाड्या वेगाने चालतात आणि त्यांची दुरुस्ती होते. खेळ करणाऱ्यांनी सरायचे महत्त्व ओळखले, हे पाहून जालनेकरांना बरे वाटावे. जमशेद खान यांनी बांधलेली मशीद, सराय आणि मोती तलाव ही नावे या शहराच्या इतिहासात एकत्रच येतात. पाणी आणि मुक्कामाची सोय असेल तिथे काफिला थांबतो, आणि काफिला थांबेल तिथे पेठ वसते.

ढाल विकणारा दुकानदार

आता या खेळाच्या धंद्याकडे वळू. 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' फुकट मिळतो. मग कंपनी कमावते कशावर? खेळात हिरवी रत्ने आहेत. ती खेळून थोडी मिळतात आणि खरे पैसे देऊन हवी तितकी मिळतात. रत्ने दिली की चार दिवसांचे बांधकाम तत्काळ पूर्ण होते. रत्ने दिली की ढालही मिळते, आणि ढाल असेपर्यंत गावावर धाड पडत नाही.

हा धंदा किती मोठा आहे ते पाहा. २०१३ साली जपानच्या सॉफ्टबँक आणि गुंगहो या कंपन्यांनी सुपरसेलचा ५१ टक्के हिस्सा सुमारे १५३ कोटी डॉलरला घेतला. तीनच वर्षांनी, २०१६ साली, चीनच्या टेन्सेंट कंपनीच्या गटाने सुमारे ८४ टक्के हिस्सा ८६० कोटी डॉलरला घ्यायचे ठरवले. एवढी किंमत काही रंगीत चित्रांची नव्हे. आपण जमवलेले जाईल या भीतीवर आणि थांबायची तयारी नसलेल्या मनावर तो कारोबार उभा आहे. तटबंदीही तोच विकतो, धाडीची वाटही तोच मोकळी ठेवतो.

यात बेकायदा काही नाही. पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. हे खेळ त्या प्रकारात मोडत नाहीत, कारण येथे दिलेला पैसा रोख परत येईल अशी आशा कोणी दाखवतच नाही. पैसा फक्त जातो. म्हणून घराघरांत एवढे तरी करावे की मुलाच्या हातातल्या मोबाईलवर वडिलांच्या बँकेचा गुप्त क्रमांक साठवलेला नसावा.

खेळात एक गमतीचा नियम आहे. ढाल घेतलेली असताना तुम्ही स्वतः दुसऱ्यावर धाड घातली, तर तुमच्या ढालीचे तास कमी होतात. मोठ्या गावाने अगदी छोट्या गावाला लुटले तर त्याला लूट कमी मिळते. म्हणजे खेळ करणाऱ्यांनाही कळले आहे की मोठ्याने लहानाला सरसकट गिळले तर लहान गाव उजाड होईल आणि मग लुटायलाही कोणी उरणार नाही. बाजाराला हा नियम लागू करणारे कोणी असते तर किती बरे झाले असते!

१६७९ चे जालना

आता खऱ्या गावाकडे येऊ. कुंडलिका नदीच्या काठी वसलेले जालना ही जुनी व्यापारी पेठ. "जालना सोने का पालना" ही म्हण आजही लोकांच्या तोंडी आहे. दख्खनच्या मोगल सुभ्याचे मुख्य ठाणे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथून सुमारे साठ किलोमीटरवर. एवढ्या मोठ्या ठाण्याच्या सावलीत असल्यामुळे पेठ सुरक्षित आहे असा व्यापाऱ्यांचा समज असावा.

नोव्हेंबर १६७९ मध्ये तो समज खोटा ठरला. मोगल सरदार दिलेरखान त्या वेळी विजापूरच्या मुलखात मोहिमेवर होता. त्याचा जोर तिकडून ओढून काढण्यासाठी शिवाजी महाराजांच्या फौजा मोगल मुलखात शिरल्या आणि जालन्यावर आल्या. चार दिवस पेठ लुटली गेली. सभासदाच्या बखरीत ही हकिकत जालनापूर या नावाने आली आहे. तो युद्धाचा काळ होता आणि शत्रूच्या पेठेवर घाला घालणे ही त्या काळच्या युद्धाची सर्वमान्य रीत होती. ती कोणा एका पक्षाची नव्हती. मलिक अंबरने वसवलेले खिडकी शहर १६१६ साली मोगल फौजेनेच उद्ध्वस्त केले. त्या आधीची लढाई जालना भागातल्या रोशनगावजवळ झाली होती. खिडकी पुन्हा उभी राहिली आणि तिचेच पुढे औरंगाबाद झाले. म्हणून आपण येथे पक्ष पाहायचा नाही, पेठ पाहायची.

जालन्याच्या व्यापाऱ्यांनी काय केले? खाफी खान या इतिहासकाराने लिहिले आहे की श्रीमंत लोकांनी आपला माल-मत्ता घेऊन शहराबाहेरच्या बागेत राहणाऱ्या सय्यद जान मुहम्मद या संतांच्या आश्रयस्थानात धाव घेतली. धर्मस्थळांना हात लावायचा नाही हा शिवाजी महाराजांच्या फौजेचा नेहमीचा नियम होता, आणि तो नियम याच खाफी खानाने दुसरीकडे स्वच्छ शब्दांत नोंदवला आहे. व्यापाऱ्यांनी त्या नियमावर विसंबून सगळी संपत्ती एका ठिकाणी नेली. पण पेठेत फारसे काही सापडेना तेव्हा माल कुठे गेला याची बातमी फौजेला लागली, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे तेथील आश्रितांचा मालही गेला.

व्यापारी वाचकांनी हा प्रसंग फक्त हिशेबाच्या अंगाने पाहावा. सगळी पुंजी एका जागी, तीही उघड माहीत असलेल्या जागी, आणि तिचे रक्षण कशावर, तर दुसऱ्याच्या नियमावर. यातली एकही गोष्ट आपल्या हातात नव्हती. खेळातला मुरलेला खेळाडूही गावाची सगळी कोठारे एका कोपऱ्यात बांधत नाही. तो ती विखरून ठेवतो आणि प्रत्येकाच्या भोवती निराळी भिंत घालतो.

सुरतेचा धडा

याच्या पंधरा वर्षे आधी सुरतेत काय झाले तेही आठवावे. जानेवारी १६६४ मध्ये सुरत लुटली गेली. सर जदुनाथ सरकार यांनी लिहिले आहे की सुरतेचा मोगल अधिकारी इनायत खान सरकारी खजिन्यातून पाचशे शिपायांचा पगार उचलत होता, पण तितकी फौज त्याने ठेवलीच नव्हती. धाड आली तेव्हा तो किल्ल्यात जाऊन बसला. रक्षण कागदावर होते, रस्त्यावर नव्हते. याउलट इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांनी आपापल्या वखारी स्वतः राखल्या आणि त्यांच्या वखारी वाचल्या.

लुटीनंतर औरंगजेब बादशहाने सुरतेच्या सर्व व्यापाऱ्यांना एक वर्षाची जकात माफ केली. धाडीनंतर पेठेला सर्वांत आधी कशाची गरज असते, तर थोड्या सवलतीची आणि पुन्हा दुकान मांडण्याच्या धीराची, हे राज्यकर्त्याला कळले होते.

लुटीचाही खर्च असतो

धाड घालणाऱ्यालाही ती फुकट पडत नाही. जालन्याहून माल लादून परतणारी फौज जड झाली होती. जड फौज हळू चालते. संगमनेरजवळ मोगल सरदार रणमस्तखानाने तिला गाठले. तेथील लढाईत सिधोजी निंबाळकर हे मोठे सरदार पडले. शेवटी बहिर्जी नाईक यांनी आडवाटेने फौज पट्टागडावर सुखरूप नेली. महाराजांनी तेथे विसावा घेतला म्हणून त्या गडाचे नाव विश्रामगड पडले. जदुनाथ सरकारांच्या मते लुटीचा बराच भाग वाटेत गमवावा लागला.

मिळकत किती यापेक्षा ती घरापर्यंत किती पोहोचली हा खरा आकडा असतो. आपल्याकडे कोट्यवधींचा धंदा सांगणारे पुष्कळ भेटतात. वाहतूक, व्याज आणि बुडीत उधारी वजा जाता गल्ल्यात किती आले हे विचारले की ते विषय बदलतात.

पैसे देऊन मिळणारी ढाल : चौथाई

खेळातली विकत मिळणारी ढाल नवीन नाही. दख्खनमध्ये तिचे नाव चौथाई होते. महसुलाचा चौथा भाग द्यायचा आणि त्या बदल्यात मुलखाला उपद्रव होऊ द्यायचा नाही, असा तो करार. १६७० च्या अखेरीस खानदेश-वऱ्हाडकडे झालेल्या स्वारीत गावोगावच्या अधिकाऱ्यांकडून चौथाई देण्याचे लेखी कबुलीपत्र घेतले गेले. १७१९ साली तर दिल्लीच्या बादशहानेच दख्खनच्या सहा सुभ्यांवरील चौथाई आणि सरदेशमुखीची सनद छत्रपती शाहूंना दिली. धाडीच्या जागी करार आला आणि कराराच्या जागी कर आला.

व्यापाऱ्यांनीही आपली स्वतःची ढाल तयार केली होती. ती म्हणजे हुंडी. रोख रक्कम रस्त्याने नेलीच नाही तर वाटमारी करणारा लुटणार काय? कागद नेला आणि दुसऱ्या शहरातल्या सराफाकडून पैसे घेतले. त्यातही जोखमी हुंडी नावाचा प्रकार होता. माल मुक्कामी सुखरूप पोहोचला तरच पैसे द्यायचे. माल बुडाला किंवा लुटला गेला तर मागणी नाही. म्हणजे उचल आणि विमा दोन्ही एका कागदात. मोबाईलवरच्या टोळीच्या खजिन्याचे मूळ पाहायचे तर ते येथे आहे. एकट्याची जोखीम अनेकांनी वाटून घेतली की एकाचे गाव बसत नाही.

पेठ पुन्हा का उभी राहते?

जालना १६७९ नंतर संपले नाही. निजाम-उल-मुल्क आसफजाह यांना हे शहर आवडत असे. त्यांच्या आज्ञेवरून काबिल खान यांनी १७२५ साली येथे किल्ला बांधला. शहराच्या पूर्वेचा तो मस्तगड. पण विचार करा, १६७९ ते १७२५ ही सेहेचाळीस वर्षे आहेत. भिंत येईपर्यंत पेठ थांबली नव्हती. पेठ होती म्हणून भिंत आली, भिंत होती म्हणून पेठ आली असे नव्हे.

पुढे १८०३ साली याच जिल्ह्यातल्या असई गावाजवळ इंग्रज आणि मराठे यांची मोठी लढाई झाली. १८२७ मध्ये इंग्रजांनी जालन्यात छावणी केली. राज्ये बदलली, मोंढा चालूच राहिला. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महाराष्ट्र हायब्रिड सीड्स ही बियाण्याची कंपनी सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. आज बियाणे, लोखंडी सळई आणि मोसंबी यांमुळे या शहराचे नाव राज्याबाहेर आहे.

याचे कारण साधे आहे. लुटारूला साठवलेला माल नेता येतो. माल पिकवायचे कसब, गिऱ्हाईकाची ओळख, सराफाची पत आणि दिलेल्या शब्दाची किंमत ही त्याला घोड्यावर लादता येत नाही. खेळातही हेच दिसते. कोठार रिकामे झाले तरी खाणी आणि कामगार शिल्लक राहतात आणि दुसऱ्या दिवशी गाव पुन्हा चालू लागते.

आपल्या दुकानासाठी

आज आपल्या दुकानावर घोडेस्वार येणार नाहीत. पण धाड येत नाही असे नाही. एका मोठ्या गिऱ्हाईकाने हात वर करणे ही धाड आहे. मोबाईलवर आलेल्या खोट्या दुव्यावर बोट पडून खाते रिकामे होणे ही धाड आहे. भाव अर्ध्यावर येणे आणि गोदाम एकाच मालाने भरलेले असणे हीसुद्धा धाडच आहे. तेव्हा वरच्या सगळ्या हकिकतीतून चार गोष्टी गाठीला बांधाव्यात.

पहिली, उधारी वेळेवर गोळा करा. खाणीत पडलेले सोने सर्वांत आधी जाते. दर आठवड्याला एक ठरलेला दिवस वसुलीचा ठेवा आणि त्या दिवशी दुसरे काम काढू नका.

दुसरी, सगळी पुंजी एका जागी ठेवू नका. एक गिऱ्हाईक, एक माल, एक खाते यांवर सगळा संसार टेकवणे म्हणजे जालन्याच्या व्यापाऱ्यांची बाग. जागा कितीही भरवशाची वाटो, आपला भरवसा दुसऱ्याच्या नियमावर आहे का हे तपासा.

तिसरी, कागदावरचे रक्षण प्रत्यक्षात आहे की नाही ते पाहा. विम्याचा हप्ता भरला आहे का? पावती कोणाच्या नावावर आहे? गोदामातल्या मालाची किंमत विम्यात आज किती धरली आहे? सुरतेच्या अधिकाऱ्याचे पाचशे शिपाई आपल्या कपाटातही निघू शकतात.

चौथी, एकट्याने लढू नका. मोंढ्यातल्या दहा दुकानदारांनी बुडव्या गिऱ्हाईकाची नावे एकमेकांना सांगितली तरी निम्मी धाड वाचते. आपल्याकडे शेजारी दुकानदाराला आपले नुकसान सांगण्याची लाज वाटते, आणि मग तोच ठग महिन्याभरात शेजाऱ्यालाही बुडवून जातो.

निघताना मेहुण्यांनी उधारीची वही भाच्याच्या हातात दिली. म्हणाले, "तुझ्या खाणी तू दर दोन तासांनी बघतोस. आता या खाणीही बघ." पोराने संध्याकाळपर्यंत नावे लावून यादी केली. कोणाकडे किती, किती दिवसांपासून, फोन नंबर काय, सगळे व्यवस्थित. परवा बहिणीचा फोन आला. यादीतल्या तीन जणांनी पैसे आणून दिले, दोघांनी मुदत मागितली आणि एकाचे दुकानच बंद झालेले निघाले. ती रक्कम गेली म्हणायची. मेहुण्यांना वाईट वाटले, पण ते म्हणाले, यादी वर्षभर आधी केली असती तर तीही गेली नसती.